कपाटांतले कॅमेरे आणि अवरक्त फिल्म

जुन्या चलच्चित्रांच्या कॅमेऱ्यांना पुण्यांत सध्यां चांगले दिवस आले आहेत असें म्हणतात. आम्हांस दिसतें तें असें कीं, चांगले दिवस आले आहेत ते त्यांच्यावरील धूळ पुसण्याच्या फडक्यांना. जुन्या बाजारांतून किंवा एकाद्या वाड्याच्या माळ्यावरून निघालेला किल्लीचा कॅमेरा सरळ दिवाणखान्याच्या कांचकपाटांत जाऊन बसतो. शेजारीं बंद पडलेला ग्रामोफोन, खालीं नातवंडांनीं हात लावूं नये म्हणून कुलूप. पाहुणा येतो, 'वा!' म्हणतो, चहा पितो, जातो. ह्या यंत्राच्या पोटांत फिल्म घालून तें चालवावें असें कोणी सुचविलें, तर देवघरांतल्या शाळिग्रामानें मीठमिरची वाटावी असें सुचविल्यासारखा यजमानांचा चेहरा होतो. त्यांतून ती फिल्म अवरक्त असेल तर विचारावयासच नको. अशा कॅमेऱ्यांत अवरक्त फिल्म घालून पाहणारे जे थोडे हौशी लोक आहेत, त्यांच्यावर एका दमांत तीन आरोप होतात: ते पुराणवस्तूंची नासाडी करतात, पैसा पाण्यांत घालतात, आणि इतकें करून जें चित्र काढतात तेंहि खोटेंच असतें. आमच्या मतें हे तिन्ही आरोप निराधार आहेत. आणि तिसरा तर केवळ अज्ञानाचा आहे.

अवरक्त किरण म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण ह्या वादांतील निम्मा घोळ त्या शब्दापाशींच होतो. सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यांत तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं अशा जागीं, विल्यम हर्शेल ह्यानें १८०० सालीं तापमापक ठेवला आणि तो वर चढलेला पाहिला. ज्यांना इंग्रजींत इन्फ्रारेड म्हणतात ते हेच किरण. पुढें एकशेंदहा वर्षांनीं, १९१० सालीं, रॉबर्ट वुड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्या किरणांनीं घेतलेलीं निसर्गदृश्यें लोकांपुढें मांडलीं. आकाश काळेंभोर, आणि झाडें जणूं बर्फानें माखलेलीं. ह्या पांढरेपणांत जादू नाहीं. हिरवें पान तांबडा व निळा प्रकाश गिळतें. परंतु तांबड्याच्या पलीकडला प्रकाश त्याच्या उपयोगाचा नसतो, आणि पानाच्या आंतील पेशी व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या तो बराचसा उधळून परत पाठवितात. म्हणजे झाड त्या उजेडांत खरोखरीच उजळ असतें. आपणांस तें दिसत नाहीं, इतकेंच.

दुसरा घोळ उष्णतेचा. अवरक्त फिल्मवर ताप आलेल्या माणसाचें कपाळ उजळ आणि बर्फाचा गोळा काळा दिसावा, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. तें काम निराळ्या यंत्राचें. मनुष्याची दृष्टि साधारण ७०० नॅनोमीटरपाशीं संपते. फिल्म तेथून थोडेंसेंच पुढें पाहते. कोडॅकची या जातीची प्रसिद्ध फिल्म सुमारें ९०० पर्यंत पाहत असे. ती कंपनीनें २००७ सालीं बंद केली, आणि आज ज्या मिळतात त्या त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. चुलीवरचा तवा लाल होण्याच्या बेतास आला तर त्याची दखल ही फिल्म कदाचित् घेईल. माणसाच्या अंगाची ऊब तिच्या खिजगणतींतहि नाहीं. चित्रांत चेहरे मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत दिसतात ते उबेमुळें नव्हे, तर हे किरण त्वचेंत किंचित् खोल शिरून विखुरतात म्हणून. वर्तमानपत्री लेखकांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

आतां खोटेपणाचा आरोप. झाड हिरवें असतांना तें पांढरें दाखविणारी फिल्म खोटी, असें म्हणणाऱ्यांस आम्ही एकच विचारतों: झाड करडें तरी कोठें असतें? मग काळ्यापांढऱ्या चित्रपटांतील करडीं झाडें आपल्या तीन पिढ्यांनीं बिनतक्रार कशीं पाहिलीं? दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लोकांपुढें ठेवला. त्या काळची फिल्म तांबड्या रंगास आंधळी होती. तांबड्या दिव्याच्या उजेडांत ती खुशाल धुतां येई, ह्याचें कारण तेंच. तिच्या लेखीं कुंकूं काळें, भगवें वस्त्र काळसर, आणि निळें आकाश पांढरें फटक. तारामतीच्या कपाळीं काळें कुंकूं कां, म्हणून कॉरोनेशनमधून कोणी उठून गेल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रेक्षक शहाणे होते. यंत्राच्या डोळ्याची रीत त्यांनीं समजून घेतली आणि गोष्ट पाहिली. पुढें तांबडें पाहणारी फिल्म आली, तेव्हां कुंकवाचें काळें गेलें आणि रंगभूषाकारांना आपले डबे बदलावे लागले. अवरक्त फिल्म ही त्या जुन्या आंधळेपणाचीच उलट बाजू. तांबड्या कांचेआडून ती पाहूं लागली म्हणजे कुंकूं कपाळावर जवळजवळ विरून जातें. मंडईवरचीं तांबडीं कौलें फाळक्यांच्या फिल्मनें काळीं केलीं असतीं. हीच कौलें ती उजळून टाकते. एक फिल्म जें काजळून ठेवी तें दुसरी धुऊन काढते. ह्यांतील खरी कोणती आणि खोटी कोणती, हें ठरविण्याचा अधिकार ज्यांना वाटतो त्यांनीं आपल्या डोळ्यांचा निवाडा आधीं मधमाशीकडून करून घ्यावा. तिला तांबडें दिसत नाहीं, आणि जांभळ्याच्या पलीकडचें दिसतें.

खोटेपणाच पाहावयाचा असेल तर तो दूर जाऊन शोधावयास नको. हा आरोप करणारे गृहस्थ खिशांतून मोबाइल काढतात, एका बोटानें हिरवी बाग पांढरी करून दाखवितात, आणि विचारतात, 'हें दोन पैशांत होत असतांना तुम्ही हा खटाटोप कां करतां?' हेंच तें होत नाहीं! मोबाइलमधली ती करामत चित्रांतलें हिरवें शोधते आणि पांढरें करते. तिला पान आणि रंग ह्यांतला फरक ठाऊक नाहीं. मंडईंत कोथिंबिरीच्या ढिगाशेजारीं हिरव्या रंगाची हातगाडी उभी असेल, तर ती दोहोंनाहि सारख्याच मायेनें पांढरें करील. फिल्म तसें करीत नाहीं. कोथिंबीर पांढरी होईल, आणि गाडीचा रंग बहुधा काळसरच राहील. दुसऱ्या महायुद्धांत ह्याच भेदाचा उपयोग करून विमानांतून शत्रूचीं हिरव्या रंगानें लपविलेलीं ठाणीं खऱ्या झाडांतून वेंचून काढीत. भाजीवालीच्या हिरव्या लुगड्याचें काय होईल? तें आम्ही येथें बसून सांगणार नाहीं. कारण पुष्कळसे कापडी रंग ह्या किरणांना पारदर्शक असतात, तेव्हां लुगडें पांढरेंहि निघेल. काळेंशार लुगडेंसुद्धां पांढरें निघाल्याचीं उदाहरणें आहेत. तें कोणत्या रंगानें रंगविलें आहे ह्यावर सर्व अवलंबून. फिल्म जाऊन विचारते. मोबाइल घरीं बसून ठरवितो. एकीची साक्ष आहे, दुसऱ्याचा तर्क आहे. कचेरींत जन्म घालविलेल्या आमच्या वाचकांस ह्या दोहोंतील अंतर निराळें समजावून सांगावयास नकोच.

बरें, मोठी गंमत ही कीं, ज्या कॅमेऱ्यांना कपाटांत कोंडून ठेवलें आहे, तेच ह्या फिल्मला सर्वांत सोयीचे आहेत. अवरक्त चित्र घ्यावयाचें तर भिंगापुढें गडद तांबडी, आणि परिणाम पुरता हवा असेल तर जवळजवळ काळी दिसणारी कांच लावावी लागते. ज्या कॅमेऱ्यांत चित्र घेणाऱ्या भिंगांतूनच आंत पाहावयाचें असतें, त्यांत ही कांच बसवितांच चित्रकार आंधळा होतो; समोरून हमाल येतो आहे कीं गाडी येते आहे, तें कळावयास मार्ग नाहीं. उलट बेल अँड हॉवेलचा फिल्मो, कोडॅकचा सिने-कोडॅक, पहिल्या जमान्यांतला बोलेक्स, ह्या सोळा मिलिमीटरच्या किल्लीच्या कॅमेऱ्यांना पाहण्याची खिडकी निराळी असते. भिंगावर अमावास्या असली तरी खिडकींत दुपारच. शिवाय त्यांच्या पोटांत विजेचा एकहि दिवा नाहीं. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु अलीकडच्या कांहीं छायाचित्रांच्या कॅमेऱ्यांत फिल्मचीं छिद्रें मोजण्यासाठीं अवरक्त दिवाच बसविलेला असतो, आणि तो ज्या फिल्मची राखण करावयाची तिलाच धुरकट करून टाकतो. कुंपणानें शेत खावें तसा प्रकार. म्हणजे ज्याला आपण कालबाह्य म्हणून कपाटांत बसविलें, तो ह्या एका कामांत नव्यापेक्षां सरस आहे.

ह्याचा अर्थ फिल्म भरली, किल्ली दिली कीं झालें, असा मात्र नव्हे. जुन्या पेट्यांत लांकूड, कातडें, एबोनाइट असतें, आणि ह्यांतून कांहीं अवरक्त किरण आरपार जातात. आपल्या डोळ्यांस ठार बंद दिसणारी पेटी ह्या फिल्मला चाळणीसारखी उघडी असूं शकते. म्हणून आधीं हातभर तुकडा भरून, भिंग झांकून, कॅमेरा दहा मिनिटें भर उन्हांत ठेवावा, आणि तो तुकडा धुऊन पाहावा. फिल्म भरणें तें पूर्ण अंधारांत. फिरकीच्या कडांवर विसंबून सावलींत भरण्याची नेहमींची सवय येथें घातक, कारण ह्या जातीच्या कांहीं फिल्मचा पारदर्शक पाया बाहेर राहिलेल्या टोंकाकडून उजेड आंतपर्यंत वाहून नेतो. पुढें भिंगाचा प्रश्न. अवरक्त किरण साध्या प्रकाशापेक्षां किंचित् मागें जाऊन एकत्र येतात. तेव्हां दृष्टीस स्पष्ट दिसलेलें चित्र फिल्मवर पुसट उतरतें. छायाचित्राच्या पुष्कळशा भिंगांवर ह्यासाठीं तांबडी खूण असे. जुन्या सिनेभिंगांवर ती बहुधा नसते, आणि भिंग साधारण केंद्रांतराच्या हजारांत दोन-तीन भाग पुढें सरकवून प्रत्येक भिंगाची खूण आपली आपण शोधून काढावी लागते, नाहीं तर झडप पुरेशी लहान करून चूक पदरांत झांकावी लागते. प्रकाशमापक येथें निरुपयोगी. तो जो उजेड मोजतो तो हा उजेडच नव्हे. एकच दृश्य तीन निरनिराळ्या मापांनीं घेऊन टिपून ठेवणें, हाच मार्ग. आणखी एक खाचखळगा: जुन्या कांहीं सोळा मिलिमीटरच्या यंत्रांत दांते दोन्ही कडांना असतात आणि आज मिळणाऱ्या फिल्मला छिद्रें बहुधा एकाच कडेला, पाहिल्याशिवाय भरली तर दुसरी कड फाटून यंत्रांत कपटे. फिल्म शीतकपाटांत ठेवावी हें तर पुण्याच्या वैशाखांत राहणाऱ्यास सांगणेंच नको.

इतकें विस्तारानें लिहिण्याचें कारण, संग्राहकांना जी भीति वाटते तिचें उत्तर ह्यांतच आहे. चालविल्यानें यंत्र बिघडतें असें ते म्हणतात. न चालविल्यानें तें बिघडत नाहीं काय? तेल घट्ट होतें, कमान गुंडाळलेली राहिली तर थकते, भिंगांत बुरशी धरते. आणि हें सर्व कांचेबाहेरून दिसत नाहीं म्हणून यजमान सुखी असतात. वर सांगितलेल्या परीक्षांपैकीं निम्म्याहून अधिक परीक्षा ह्या फिल्मपेक्षां यंत्राच्या प्रकृतीच्या आहेत. अवरक्त फिल्म इतकी चिकित्सक आहे कीं, जी पेटी तिच्या कसोटीस उतरली तिला दुसऱ्या फिल्मची भीति नाहीं. अर्थात् जें यंत्र जगांत एकच उरलें आहे त्यास कोणीहि हात लावूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु कारखान्यांतून हजारोंनीं निघालेला किल्लीचा कॅमेरा म्हणजे कांहीं शिवकालीन ताम्रपट नव्हे.

आणि पुराणवस्तूंचा एवढा अभिमान वाहणाऱ्यांनीं मंडईच्याच अंगणांतली एक गोष्ट आठवावी. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि त्यांचे मावसभाऊ बाबूराव पेंटर ह्या दोघांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रपट दाखविण्याचें यंत्र आणलें आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं दामल्यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. हेच दामले पुढें 'प्रभात'चे झाले. त्या खटपटीच्या पोटीं जन्मलेला 'सैरंध्री' १९२० च्या फेब्रुवारींत पुण्यास लागला तो आर्यन सिनेमांत, मंडईच्या शेजारीं. आणि लोकमान्यांनीं तो पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलें. जुन्या बाजारांतलें यंत्र कोल्हापूरच्या त्या दोघांनीं पुसून कपाटांत ठेवलें असतें तर? तें त्यांनीं उघडलें, त्याचा स्क्रू न् स्क्रू हातांत घेतला. दहांपैकीं नऊ वेळां चुकले असतील. परंतु लोकमान्य आर्यनमध्यें आले ते दहाव्या वेळेसाठीं. १९१५ सालीं उघडलेलें तें आर्यन १९८३ सालीं गेलें आणि त्या जागेवर आतां गाड्या उभ्या राहतात. वास्तु राखतां आली नाहीं हें एक वेळ समजूं शकतें. परंतु जी विद्या त्या वास्तूंत मिरवली तीहि आपण राखूं नये? १९३३ सालीं 'प्रभात' कोल्हापुराहून ज्या पुण्यास आली, जेथें चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, त्याच पुण्यांत २००३ च्या जानेवारींत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचीं हजारो रिळें एका आगींत जळून गेलीं. फिल्म जळते, इमारत पडते. ती राखावयास सरकार हवें, पैसा हवा. हातांतली कला राखावयास एक अंधारी खोली आणि एक हट्टी माणूस पुरतो, आणि तेवढेंहि आपल्यानें होत नसेल तर कपाटाला कुलूप लावण्यांत कसली आली आहे संस्कृति?

खर्चाचा मुद्दा उरला. तो खरा आहे. शंभर फूट फिल्म, ती बाहेरदेशांतून आणण्याची हशील, धुण्याचीं रसायनें, हें सारें मिळून कॅमेऱ्याच्या किंमतीच्या वर जातें. नाकापेक्षां मोतीं जड. फिल्म धुणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा बंद पडल्यामुळें तें काम घरींच करावें लागतें. सुदैवानें काळीपांढरी फिल्म घरीं धुणें कठीण नाहीं, न्हाणीघराच्या खिडकीला कांबळें लावलें कीं भागतें. परंतु 'हा पैसा वाया' असें म्हणणाऱ्या एका गृहस्थांनीं आम्हांस जोतीरावांचा दाखला दिला, तेव्हां आम्हांस हंसूं आवरेना. मंडईची ही काळ्या पाषाणाची इमारत १८८६ सालीं रे मार्केट ह्या नांवानें उघडली. तिच्या बांधणीच्या खर्चाला नगरपालिकेंत जोतीराव फुल्यांनीं विरोध केला होता, आणि आज तिला त्यांचेंच नांव आहे, हें खरें. परंतु जोतीरावांचें म्हणणें काय होतें? हा पैसा शिक्षणाकडे लावा! सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र बसवून, प्रकाश म्हणजे काय, भिंग म्हणजे काय, पान हिरवें कां, हें शंभर फुटांत शिकवितां येत असेल, तर जोतीरावांचा कौल कोणाच्या बाजूनें पडेल? दिवाणखान्यांतल्या कपाटाच्या बाजूनें खास पडणार नाहीं.

ह्याचबरोबर आमच्या पक्षाच्या लोकांनाहि चार शब्द सुनावणें प्राप्त आहे. अवरक्त फिल्म हातीं येतांच जो तो पांढऱ्या झाडांच्या मागें लागतो. पांढरें झाड, काळें आकाश, मध्यें एक उदास तरुणी, झालें काव्य! कोणती कांच लावली, भिंग किती सरकविलें, ऊन किती वाजतांचें, ह्याची टिपणवही विचारावी तर ती नसते. अशा माणसांनीं खुशाल मोबाइलच वापरावा. त्यांच्या कामाला तोच पुरेसा आहे. दुसरे कांहीं जण छातीठोकपणें सांगतात कीं, ही फिल्म धुक्यांतून आरपार पाहते. पर्वतीवरून सिंहगड नेहमींपेक्षां स्वच्छ दिसेल, हें खरें. दुपारच्या निळसर झांकोळाचे कण अतिसूक्ष्म असतात आणि तांबड्यापलीकडचा प्रकाश त्यांच्यावर फारसा विखुरत नाहीं. पण हिवाळ्यांतलें सकाळचें दाट धुकें किंवा रस्त्यावरची धूळ ह्यांचे कण मोठे. त्यांच्यापुढें ही फिल्मसुद्धां आपल्याइतकीच हतबल. परदेशांत ह्या फिल्मचा उपयोग ज्यांनीं सार्थ केला त्यांनीं तिच्याकडून एकादें नेमकें काम करून घेतलें. हॉलिवुडांत दिवसां रात्र उभी करण्यास ती वापरीत. मिखाइल कालातोझोव्हच्या 'मी क्यूबा' ह्या १९६४ च्या चित्रपटांत ताडामाडांना जो पांढरा, जळत्या उन्हाचा रंग चढला आहे तो तिचाच. रिचर्ड मॉस ह्यानें तर लपलेला शत्रु हुडकण्यासाठीं निघालेली रंगीत अवरक्त फिल्म काँगोमधल्या, जगानें न पाहिलेल्या युद्धावर रोखली आणि तें चित्रण २०१३ सालीं व्हेनिसला दाखविलें; जंगल गुलाबी, आणि त्यांत बंदूकधारी पोरें. २०२४ च्या 'ड्यून'च्या दुसऱ्या भागांत एका परग्रहावरील दृश्यें अवरक्त प्रकाशांतच घेतलीं आहेत, फिल्मवांचून, अंकीय कॅमेऱ्यानें. म्हणजे श्रीमंत निर्मात्यालासुद्धां संगणकांत रंग बदलून भागलें नाहीं. त्यालाहि त्या उजेडापाशीं जावेंच लागलें. मोबाइलवाल्या गृहस्थांनीं ह्याचा थोडा विचार करावा.

आमची सूचना अशी. ज्यांच्या कपाटांत असा चालता कॅमेरा आहे त्यांनीं वर्षांतून एक रीळ, एकच, मंडईंत खर्च करावें. सोळा मिलिमीटरची शंभर फूट फिल्म सेकंदास चोवीस चित्रांच्या वेगानें पावणेतीन मिनिटें पुरते. तेवढ्यांत मंडई मावणार नाहीं, तेव्हां आधीं यादी करावी. वेळ भर दुपारची, महिना मटार येण्याचा. मटार ह्यासाठीं कीं, फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीं, १९१२ सालीं, चालू कॅमेऱ्यानें पहिली मोठी गोष्ट टिपली ती कुंडींत पेरलेल्या वाटाण्याची वाढ, एकेक चित्र मोजून. आणि तीच दाखवून त्यांनीं नाडकर्ण्यांकडून भांडवल मिळविलें. तो वाटाणा तांबड्यास आंधळ्या फिल्मनें पाहिला. तोच आतां तांबड्याच्या पलीकडून पाहावा. पाला शिळा झाला कीं ह्या फिल्मवर लगेच काळा पडतो, असें सांगणारे बरेच भेटतात. पान कोमेजूं लागतांच तें काळें होतेंच असें नाहीं, तेव्हां मेथीची एकच जुडी सकाळीं आठापासून दिवस मावळेपर्यंत दर तासाला चार-चार चित्रें घेऊन पाहावी, उन्हाची मापें टिपून. गाळ्यांतल्या दिव्यांची परीक्षा सोपी आहे: जुना तारेचा पिवळा दिवा ह्या फिल्मला सूर्यासारखा, आणि हल्लींचा एल्.ई.डी. तिला जवळजवळ विझलेलाच. शेजारींशेजारीं लावून सहा फूट फिल्म त्यावर घालवावी. एकाद्या बाईंची परवानगी घेऊन त्यांच्या कपाळावरचें कुंकूं टिपावें, आणि तें चित्र त्यांना नेऊन दाखवावें. त्या काय म्हणतात तेंहि वहींत लिहावें. बाहेर येऊन अष्टकोनी मनोरा आकाशावर घ्यावा, कौलांसकट. हें सर्व करून दहा-बारा फूट उरतील. ते आर्यनच्या जागेवर उभ्या असलेल्या गाड्यांवर खर्च करावेत. काळ्या रंगाच्या गाड्यांपैकीं कोणत्या काळ्याच राहतात आणि कोणत्या राहत नाहींत, हें आम्हांस पाहावयाचें आहे.